घिवली, १, मृत : एका नोंदीची झडती

माझ्या एक्सेल शीटमध्ये एक ओळ होती. ठिकाण : घिवली. संख्या : १. स्थिती : मृत. कारण : प्रदूषण. ही ओळ मीच भरली होती, पीएचडीच्या पहिल्या वर्षी, जुलै महिन्यात, मावशीच्या घरी ओसरीवर बसून. आज त्या ओळीतल्या प्रत्येक रकान्याची झडती घ्यायची आहे. तुमच्यापैकी जे पुढच्या वर्षी समुद्री सस्तन प्राण्यांवर काम करायचं म्हणताय, त्यांनी असाच डेटा कुठून ना कुठून उचललेला असणार. आणि नसेल उचलला तर उचलणार आहात.

आधी प्रसंग सांगते. घिवली म्हणजे बोईसरहून रिक्षाने जायचं, तारापूर अणुऊर्जा केंद्राजवळचं मच्छीमारांचं गाव. पावसाळ्यात होड्या वर ओढून झाकलेल्या. सकाळी किनाऱ्यावर कुत्री जमलेली दिसली म्हणून गेले, तर साधारण चार फुटांचा प्राणी पडलेला. पाठीवर पंख नाही, तोंडाला चोच नाही, कातडी जागोजागी सोललेली. फिनलेस पॉरपॉइज. एकोणिसाव्या शतकातल्या प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत याचं मराठी नाव 'भुलगा' असं दिलंय. वर्तमानपत्रांत मात्र तो 'डॉल्फिन मासा' म्हणूनच छापून येतो. तो मासा नाही आणि काटेकोर बोलायचं तर डॉल्फिनही नाही, पण त्याचं रडगाणं नंतर कधीतरी.

मी तीन फोटो काढले, टेपने लांबी घेतली, घरी येऊन ओळ भरली. 'कारण' या रकान्यात काय लिहायचं याचा मी एक मिनिटसुद्धा विचार केला नव्हता. मागे तारापूरची औद्योगिक वसाहत, तिचं सांडपाणी, मच्छीमारांची वर्षानुवर्षांची तक्रार. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने याच सांडपाण्यावरून राष्ट्रीय हरित लवादाकडे धाव घेतली होती आणि जानेवारी २०२२ मध्ये लवादाने उद्योगांना भरपाई भरायला लावणारा निकाल दिला. म्हणजे प्रदूषण काही माझ्या कल्पनेतलं नव्हतं. मग 'प्रदूषण' लिहिलं तर बिघडलं कुठे?

संध्याकाळी काकांनी (मावशीचे यजमान, आयुष्यभर डोल जाळ्यावर मासेमारी) लॅपटॉपमध्ये डोकावून विचारलं, "बाय, पोट फाडून बघितलंस का?"

"नाही."

"मग तुला कुणी सांगितलं?"

आणि मी काही बोलायच्या आत, "जाळ्यात मेला असंही लिहू नको हां. तेही तू बघितलेलं नाहीस."

दुसऱ्या वाक्यात काकांचा स्वार्थ आहे, हे उघड आहे. डॉल्फिन मेला की पहिलं बोट मच्छीमाराकडे जातं. पण स्वार्थ असला म्हणून प्रश्न चुकीचा ठरत नाही. माझ्या गाईडनी नंतर त्याच रकान्याभोवती पेन्सिलने गोल केला, काही न लिहिता.

आता झडती. 'कारण'पासूनच सुरू करते, कारण तिथे माझी चूक सगळ्यात मोठी आहे. जड धातू किंवा पीसीबीसारखी रसायनं या प्राण्यांच्या यकृतात आणि चरबीत साठत जातात, हे खरं आहे. पण ती सहसा हळूहळू नुकसान करतात. प्रतिकारशक्ती कमी होते, पिल्लं कमी होतात. किनाऱ्यावर पडलेल्या देहाकडे बाहेरून बघून ते कळत नाही. त्यासाठी यकृताचा आणि चरबीचा नमुना लागतो, आणि तुलना करायला दुसऱ्या ठिकाणच्या, दुसऱ्या कारणाने मेलेल्या प्राण्यांचे नमुनेही लागतात. जाळ्यात गुदमरून मेलेल्या प्राण्याच्या खुणा त्यामानाने लवकर दिसतात. कातडीवर दोरीचे वळ, श्वासनलिकेत फेस, सुरीने कापलेली शेपटी, पोटात नुकतेच खाल्लेले मासे. पण कातडीच सोललेली असेल तर वळ कुठे शोधणार? थोडक्यात, त्या सकाळी माझ्याकडे असलेल्या माहितीवर एकच शब्द लिहिता आला असता, 'अज्ञात'. हा शब्द लिहायला आपल्याला लाज वाटते. अज्ञात म्हणजे आपण काम केलं नाही असं वाटतं. उलट आहे. तीस नोंदींपैकी पंचवीस 'अज्ञात' असतील तर पंचवीस शवविच्छेदनं झाली नाहीत हे त्यातून कळतं. तिथे अंदाज भरले की तेही कळेनासं होतं.

दुसरा रकाना, 'मृत'. जगभर यासाठी एक साधी पाच पायऱ्यांची पद्धत वापरतात. १ म्हणजे जिवंत, २ म्हणजे ताजा मृत, ३ मध्यम कुजलेला, ४ फार कुजलेला, ५ नुसता सांगाडा किंवा वाळलेलं कातडं. माझा भुलगा ३ आणि ४ च्या मधला होता. हा आकडा लिहिला असता तर निदान एवढं कळलं असतं की हा प्राणी काही दिवस पाण्यात तरंगत होता. आणि हे कळलं की तिसरा रकाना हलायला लागतो.

'घिवली'. तो घिवलीला मेला का? घिवलीला लागला, एवढंच आपल्याला माहीत आहे. पालघरच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतला फरक मोठा, उधाणाला चार-पाच मीटरपर्यंत. त्यात पावसाळ्यातला नैर्ऋत्येचा वारा तरंगणाऱ्या प्रत्येक गोष्टीला किनाऱ्याकडे ढकलतो. प्लास्टिकची बाटली, तुटलेलं जाळं, भुलगा, सगळं. म्हणजे ज्या महिन्यांत जास्त प्राणी किनाऱ्याला लागतात, त्या महिन्यांत जास्त मरतात असं म्हणता येत नाही.

इथे एक गंमत आहे, जरा थांबून बघा. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते. माझी नोंद जुलैची. मग जाळ्याचा संबंध नाही? तसंही नाही. बंदीच्या काळातही बिगरयांत्रिक होड्या किनाऱ्याजवळ जाळी टाकतात, आणि तुटून सुटलेली जाळी तर बंदी पाळत नाहीत. आणखी एक बाजू : बंदीत माणसं गावात असतात, किनाऱ्यावर फिरतात, त्यामुळे पडलेला प्राणी दिसण्याची आणि कुणीतरी फोटो काढण्याची शक्यता वाढते. वारा, बंदी आणि बघणाऱ्यांची संख्या, तिन्ही एकाच महिन्यात बदलतात. नुसत्या नोंदींच्या आलेखावरून यातलं कुठलं किती हे सुटं करता येत नाही. मी असा आलेख काढला होता, जून-जुलैत उंच गेलेला, आणि त्याच्याखाली एक ठसठशीत वाक्यही लिहिलं होतं. ते वाक्य आता थेसिसमध्ये नाही.

राहिला '१'. मेक्सिकोच्या आखातात २०१० ची तेलगळती झाल्यानंतर लोक किनाऱ्यावरचे मृत डॉल्फिन मोजत होते. संख्या लहान, म्हणून नुकसान लहान, असा सूर लागला. त्यावर २०११ मध्ये रॉब विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी एक पेपर लिहिला. त्यांनी त्या आखातातल्या जातींची अंदाजे संख्या, त्यांचा मृत्युदर आणि किनाऱ्यावर सापडलेले देह यांचा मेळ घातला. सरासरी निघाली २ टक्के. म्हणजे मेलेल्या शंभरांतले दोनच सापडतात. हा पेपर जरूर वाचा, लहान आहे आणि स्वच्छ लिहिलाय. पण वाचून झाल्यावर लगेच 'घिवली १, गुणिले ५०' करू नका. मी एका सेमिनारमध्ये हे केलंय, म्हणून सांगतेय. ते २ टक्के त्या आखाताचे आहेत, तिथल्या खोल पाण्यातल्या जातींसकट. भुलगा आणि आपला हम्पबॅक डॉल्फिन हे किनाऱ्यालगत, उथळ पाण्यात राहणारे. ते किनाऱ्याला लागायची शक्यता जास्त असणार हे समजतं, पण किती जास्त, हे आपल्या किनाऱ्यावर मोजल्याशिवाय कळणार नाही. फ्रान्सच्या बिस्केच्या उपसागरात संशोधकांनी मृत डॉल्फिनना टॅग लावून ते परत समुद्रात सोडले आणि किती किनाऱ्यावर सापडतात ते बघितलं. आपल्याकडे असं काही करायचं तर आधी परवानग्यांचा डोंगर चढावा लागेल, पण प्रश्न तोच विचारायला हवा.

आता सुटकेबद्दल. तुम्ही 'समुद्री सस्तन प्राण्यांचं पुनर्वसन' असं शोधलंत तर पहिल्या पन्नास पेपरांत सील असतात. भारतात सील नाहीत. तरी ते पेपर आपल्या प्रस्तावांच्या पहिल्या परिच्छेदात येऊन बसतात. हवाईमध्ये मंक सीलसाठी २०१४ पासून स्वतंत्र रुग्णालय चालतं, उपाशी पिल्लं तिथे सुधारून परत सोडली जातात आणि २०२२ मध्ये त्या जातीची संख्या पंधराशेच्या वर गेल्याचं जाहीर झालं. चांगलंच आहे. पण सील हा आपणहून जमिनीवर येणारा प्राणी आहे. त्याला टाकीजवळ कोरड्यात ठेवता येतं, हाताळता येतं. डॉल्फिन किंवा व्हेल जमिनीवर आला की त्याच्या स्वतःच्या वजनाने फुप्फुसं दबतात, चरबीच्या थरामुळे अंग तापतं आणि पकडण्याच्या धसक्याने स्नायू निकामी होऊ लागतात. मेक्सिकोत २०१७ मध्ये शेवटचे काही वाकिटा वाचवायला जगातले जाणकार जमले होते. दोन पकडले. एक लहान होती, तिला ताण सहन होईना म्हणून सोडावं लागलं, दुसरी प्रौढ मादी मेली. मोहीम थांबवली. वाकिटा हा आपल्या भुलग्याचा दूरचा नातेवाईक आहे.

आपल्याकडचं उदाहरण गणपतीपुळ्याचं. नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हेलचं सुमारे वीस फुटी पिल्लू किनाऱ्याला लागलं. गावकरी, वन विभाग, जीवरक्षक, सगळ्यांनी दोन दिवस जिवापाड कष्ट केले, ओल्या कापडांनी झाकलं, शेवटी खोल समुद्रात नेऊन सोडलं. 'जीवदान' असे मथळे आले. मग ते पिल्लू मेल्याची बातमी आली. मला त्या माणसांवर टीका करायची नाही, मी तिथे असते तर मीही बादली घेऊन उभी असते. टीका 'जीवदान' या रकान्यावर आहे. आईविना दूधपितं पिल्लू समुद्रात सोडणं म्हणजे सुटका, असं आपण कशाच्या आधारावर म्हणतो? सोडल्यानंतरचं काहीच मोजलं नसेल तर 'समुद्रात सोडलं' एवढीच नोंद होते. २०१५ मध्ये रेवदंड्याला लागलेला ब्लू व्हेलही जिवंत होता. त्यालाही लोकांनी ढकलायचा प्रयत्न केला आणि तोही मेला.

डहाणूला कासवांसाठी उपचार केंद्र आहे, वन विभाग आणि स्थानिक प्राणिमित्र संस्था मिळून चालवतात. घिवलीपासून फार लांब नाही. तिथे कासवं महिनोन्‌महिने टाकीत राहून बरी होतात. म्हणून 'तिथेच डॉल्फिनचीही सोय करा' अशी मागणी लोक करतात. मला ती मागणी पटत नाही, कारणं वर दिली. भुलग्यासाठी खर्च करायचाच असेल तर तो तालुक्याला एक शवविच्छेदन करू शकणारा पशुवैद्य आणि एक डीप फ्रीझर यावर व्हावा, असं माझं मत आहे. फोटो काढून कुणी देणगी देणार नाही अशी ही गोष्ट आहे, मान्य.

राहता राहिली नुकसानभरपाई योजना. डिसेंबर २०१८ पासून राज्यात संरक्षित प्राणी जाळ्यात अडकला आणि जाळं कापून त्याला सोडलं, तर मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. फोटो किंवा व्हिडिओ लागतो. योजना चांगली, माझा तिला विरोध नाही. पण तिचा डेटा वापरताना एवढं लक्षात घ्या की त्यात फक्त जिवंत सुटलेले प्राणी येतात. जाळं वर ओढताना आधीच मेलेला भुलगा त्यात येणार नाही, कारण त्याची भरपाई नाही आणि वर वन्यजीव कायद्याची भीती आहे. काका म्हणाले तसं, "मेलेला कोण दाखवायला आणेल? परत पाण्यात टाकतात." तोच परत टाकलेला देह वाऱ्याने किनाऱ्याला लागतो आणि माझ्या शीटमध्ये 'अज्ञात' होतो.

कायद्याचं निघालंच आहे तर एक व्यावहारिक सूचना. हे सगळे प्राणी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. किनाऱ्यावर सापडलेला दात, मणका, कातडीचा तुकडा 'नमुना' म्हणून पिशवीत घालू नका, परवानगी नसेल तर तो गुन्हा आहे. वन विभागाला कळवा आणि ते येईपर्यंत फोटो नीट काढा : डोकं, शेपटी, दोन्ही कुशी, पोटाखालची बाजू (नर-मादी तिथेच कळतं), आणि प्रत्येक फोटोत मापाची पट्टी. माझ्या तीन फोटोंपैकी दोघांत कुत्रं आहे आणि पोटाखालचा एकही नाही.

ओळ आता अशी आहे. सापडल्याचं ठिकाण : घिवली. मृत्यूचं ठिकाण : अज्ञात. जात : फिनलेस पॉरपॉइज. लांबी : १२४ सेंमी. लिंग : नोंद नाही. कुजण्याची पायरी : ३ ते ४. शवविच्छेदन : नाही. कारण : अज्ञात. कळवणारी व्यक्ती किनाऱ्यावर का होती : सुट्टी. हा शेवटचा रकाना मी नवीन घातलाय, आणि जुन्या नोंदींसाठी तो भरायला सध्या एकेका माणसाला फोन करत बसलेय.