शारदेचा आवाज

धाकट्या दिरांची नात नववीत आहे. यंदा तिच्या हायस्कूलच्या स्नेहसंमेलनात ‘संगीत शारदा’तले दोन प्रवेश बसवणार आणि ती शारदा होणार, हे कळल्यावर घरात आनंदीआनंद झाला. ‘आज्जी, तू येतीस न्हवं?’ असं तिनं तीनदा विचारलं. नाटक म्हटल्यावर मी कशाला मागं राहते!

आम्हां बेळगावकरांना देवल परके नाहीत. गोविंद बल्लाळ देवल इथंच मॅट्रिक झाले आणि इथल्याच हायस्कुलात शिक्षक झाले. त्यांचे नाटकातले गुरू अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, तेही काही काळ इथं शिक्षक होते. म्हणजे मराठी संगीत नाटकाचं मूळ शोधत गेलं, तर वाट शाळेच्या वर्गावरूनच जाते.

‘शारदा’ १८९९ सालचं. पैशाच्या लोभानं कांचनभट आपली कोवळी पोर पंचाहत्तरीच्या भुजंगनाथाला द्यायला निघतो. भद्रेश्वर दीक्षित मधली दलाली करतो. कोदंड आडवा येतो, आणि शेवटी वधूवर एकाच गोत्राचे निघाल्यामुळं लग्न मोडतं. आईचा जीव तुटतो, पण नवऱ्यापुढं तिचं काही चालत नाही.

पोरीनं चार दिवस माझ्या स्वयंपाकघरात तालीम केली. भाकरी थापता थापता मी कधी कांचनभट व्हायची, कधी इंदिराकाकू. चौथ्या दिवशी ती मधेच थांबली. ‘आज्जी, आईला हे लग्न नको आहे ना? मग ती वडलांना अडवत का नाही?’ मी तिला माझ्या आजीची गोष्ट सांगितली. बाराव्या वर्षी तिचं लग्न झालं. तिला कुणी विचारलं नव्हतं आणि तिच्या आईलाही नाही. पोर ऐकत राहिली. नंतर तेच वाक्य तिनं म्हटलं ते अगदी हळू, आईची कीव आल्यासारखं. मला वाटतं, नाटक शिकणं म्हणतात ते हेच. दुसऱ्याच्या जागी उभं राहायचं आणि तिथून काय दिसतं ते बघायचं.

पाचव्या दिवशी ती आली ती गप्पच. संवाद आधी रेकॉर्ड करून लावायचे ठरले होते. दहावीतल्या एका मुलीचे उच्चार स्वच्छ, आवाज खडा. बायकांचे सगळे संवाद तिनंच म्हटले. आमच्या पोरीनं फक्त ओठ हलवायचे.

प्रयोग देखणा झाला, हे खरं. नऊवाऱ्या, नथी, मागं वाड्याचा पडदा, सगळं नीटनेटकं. भुजंगनाथ झालेला मुलगा कंबरेत वाकून असा काही चालला की हॉलभर हशा उसळला. पण त्या हशात पुढची दोन वाक्यं वाहून गेली. रंगमंचावरचा नट हशा ओसरेपर्यंत थांबतो, रेकॉर्ड थांबत नाही. आणि त्या दोन वाक्यांतच लग्नाची बोलणी होती. म्हाताऱ्याला हसता हसता आता या पोरीचं काय होणार, म्हणून पोटात गोळा यावा, अशी देवलांची योजना आहे. परवा हसू आलं, गोळा काही आला नाही. शारदा आईकडं बघते तेव्हा आई आणि मुलगी दोघींचा आवाज एकच! मग कोण कुणाला काय सांगतंय, कसं कळावं?

देवलांच्या काळी शारदेचं काम पुरुष करत. बाईनं रंगमंचावर उभं राहायला फार वर्षं लागली. आता मुलगी तिथं उभी आहे, पण आवाज तिचा नाही. जिच्या लग्नात तिला कुणी बोलू देत नाही, अशा मुलीच्या नाटकात आपण मुलींची तोंडं बंद केली. हे माझ्या मनातून जात नाही.

शिक्षकांची अडचण मला समजते. एका वर्गात साठ मुलं, एकच माईक, तोंडावर आलेली परीक्षा. बसवणाऱ्या बाईंनी कष्ट घेतले, त्यात शंकाच नाही. प्रश्न आपण सगळ्यांनी नाटकाला काय मानलंय, हा आहे. पंचकल्याणक पूजेत सौधर्म इंद्राचा मान सवाल बोलून मिळतो. तिथं ते दान असतं, ठीक आहे. पण शाळेतही कामं ठरलेलीच असतात, गोऱ्या रंगाला आणि पहिल्या नंबराला. ज्या मुलीला तोंड उघडायची भीती वाटते, तिलाच नाटकाची खरी गरज असते, आणि तिच्याकडं पडदा ओढायचं काम येतं. मीही आठवी ते दहावी पडदाच ओढला.

याहून वेगळं होऊ शकतं. सुलभा देशपांडे दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या, शाळेतल्या मुलांची नाटकं बसवत होत्या. तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधली बेणारे बाई त्यांनीच उभी केली, आणि बेणारेही शाळेतली शिक्षिकाच. पुढं त्याच शाळेच्या सभागृहात छबिलदासची नाट्यचळवळ वाढली. २०२० च्या शैक्षणिक धोरणातही अभ्यासाचे विषय आणि इतर उपक्रम यांच्यात भिंत नको, असं म्हटलंय. कागदावर आहे, वर्गात यायचं आहे.

त्याला पैसा लागत नाही. मराठीच्या तासाला नाटकाचा धडा असतो, त्याची प्रश्नोत्तरं उतरवून घेण्याआधी तो मुलांनी उभं राहून वाचावा. आज जी शारदा झाली, तिनं उद्या कांचनभट व्हावं. अडखळली तर अडखळू दे.

मैत्रिणींनो, येत्या पालक सभेत मार्कांचं विचारून झालं की एवढं एक विचारा, ‘संमेलनात आमची मुलगी स्वतःच्या आवाजात बोलणार आहे का?’ मी विचारणार आहे. आमची पोर तर दुसऱ्या दिवशी पुस्तक घेऊन पुन्हा स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, ‘आज्जी, आज मी कांचनभट.’ मग शारदा मला व्हावं लागलं.