रोहिणीकाठचा ठराव : धमकीची वाणी आणि शस्त्राचा हक्क

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. त्यातील सिद्धार्थाच्या गृहत्यागाच्या प्रकरणावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. वृद्ध, रोगी, प्रेत आणि संन्यासी यांच्या दर्शनाची परंपरागत कथा बाबासाहेबांनी नाकारली व तिच्या जागी शाक्य-कोलियांचा पाणीतंटा ठेवला. याला ऐतिहासिक आधार कोणता, एवढ्याच प्रश्नाभोवती टीकाकार फिरत राहिले. हा प्रश्न गौण आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु या प्रकरणात दुसरा एक विषय आहे आणि त्याकडे आमच्या समीक्षेने पुरेसे लक्ष दिलेले नाही. सभेत बोलणाऱ्या माणसाचे स्वातंत्र्य, त्याला दिली जाणारी धमकी आणि शस्त्र उचलण्याची सक्ती हा तो विषय होय. जालना जिल्ह्यातील आणि एकंदर मराठवाड्यातील गेल्या काही वर्षांचे सार्वजनिक जीवन पाहता हे प्रकरण या दृष्टीने पुन्हा वाचणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम कथाभाग. सिद्धार्थ विसाव्या वर्षी शाक्य संघाचा सभासद होतो. सभासदत्वाच्या आठव्या वर्षी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात तंटा होऊन दोन्हीकडची माणसे जखमी होतात. सेनापती संघाची सभा बोलावून युद्धाचा ठराव मांडतो. सिद्धार्थ विरोध करतो. युद्धाने प्रश्न सुटत नाही, आगळीक कोणाची हे आधी तपासले पाहिजे, दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसे निवडावीत आणि त्या चौघांनी पाचवा निवडून तंटा मिटवावा, अशी दुरुस्ती तो सुचवितो. दुरुस्तीला अनुमोदन मिळते. मतदान होते आणि ती प्रचंड बहुमताने फेटाळली जाते.

येथपर्यंत सर्व काही लोकशाहीच्या रीतीने घडले आहे. खरा प्रसंग दुसऱ्या दिवशीचा. वीस ते पन्नास वर्षे वयाच्या प्रत्येक शाक्याने सैन्यात दाखल व्हावे, असा ठराव सेनापती आणतो. आदल्या दिवशी सिद्धार्थाच्या बाजूने मत देणारे त्या सभेत आहेत, पण ते गप्प बसतात. एकटा सिद्धार्थ उभा राहतो व आपण युद्धात भाग घेणार नाही असे सांगतो. त्यावर सेनापती त्याला परिणामांची जाणीव करून देतो. फाशी किंवा हद्दपारी यांस कोसलराजाची संमती लागेल हे खरे. पण सिद्धार्थाच्या कुटुंबावर सामाजिक बहिष्कार घालण्यास व त्यांची जमीन जप्त करण्यास संघाला कोणाचीही संमती नको.

या प्रसंगाची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. सेनापतीला बाबासाहेबांनी राक्षस केलेले नाही. तो शिवी देत नाही, तलवार उपसत नाही. तो नियमाला धरून बोलतो. आणि तरीही त्याचे भाषण ही निव्वळ धमकी आहे, कारण सिद्धार्थाच्या युक्तिवादाला त्याने उत्तर दिलेले नाही. बोलण्याची किंमत तेवढी सांगितली आहे. ती किंमतही बोलणाऱ्याच्या एकट्याच्या माथी नाही. ती त्याच्या आईबापांच्या घरावर आणि शेतावर बसविलेली आहे. कालच्या अनुमोदकांचे आजचे मौन आणि ही धमकी ग्रंथात शेजारी-शेजारी येतात, हा योगायोग नव्हे. धमकी ज्याला दिली जाते तो कदाचित डगमगत नाही. परंतु त्याच्या मागे उभा राहू शकला असता असा दुसरा माणूस खाली बसतो.

सेनापतीच्या तोंडी बहिष्कारच का घातला, याचे उत्तर बाबासाहेबांच्याच आधीच्या लेखनात मिळते. १९४७ साली त्यांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हा संविधानाचा मसुदा सादर केला. त्यात ब्रह्मदेशाच्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याच्या धर्तीवर बहिष्कार हा गुन्हा ठरविण्याची योजना होती. बहिष्कार टाकणे, बहिष्कारास चिथावणी देणे आणि बहिष्काराची धमकी देणे असे तीन निरनिराळे गुन्हे त्यांनी सांगितले होते. नुसती धमकी, ती अंमलात आली नाही तरी, गुन्हाच होय, हा विचार त्यात स्वच्छ आहे. हाच विचार दहा वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात कथारूपाने येतो. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला तो २०१६ साली. म्हणजे घटनाकाराच्या मसुद्यातील एक कलम एका राज्याच्या कायद्यात यावयास जवळजवळ सत्तर वर्षे लागली.

आता शस्त्राचा प्रश्न. १९३१ च्या कराची ठरावात काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या यादीत शस्त्र बाळगण्याचा हक्क नियमांच्या अधीन राहून घातला होता. इंग्रजांनी १८७८ च्या कायद्याने हिंदी लोकांना निःशस्त्र केले होते, त्याची ती प्रतिक्रिया होती. डिसेंबर १९४८ च्या आरंभी संविधान सभेत ह. वि. कामथ यांनी हाच हक्क संविधानात घालावा अशी दुरुस्ती मांडली. बाबासाहेबांनी तिला विरोध केला. परक्या सत्तेविरुद्ध ही मागणी समजण्यासारखी होती, परंतु बदललेल्या परिस्थितीत प्रत्येकाला बाजारात जाऊन हवे ते हत्यार विकत घेण्याची मुभा दिल्यास राज्यकारभार चालणेच अशक्य होईल, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. दुरुस्ती फेटाळली गेली. संविधानाच्या एकोणिसाव्या अनुच्छेदात भाषणस्वातंत्र्याच्या लगतच सभेचा हक्क आहे आणि ती सभा शांततेने व विनाशस्त्र असावी अशी अट त्या हक्काच्या वाक्यातच आहे. सभेत ज्याचा मुद्दा पटेल त्याचे ऐकले जावे, ज्याच्या कमरेला हत्यार आहे त्याचे नव्हे, हा त्या दोन शब्दांचा अर्थ आम्ही समजतो. रोहिणीकाठच्या सभेत नेमकी हीच अट मोडली होती.

या बाबतीत अमेरिकेचा मार्ग निराळा आहे. तेथील १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीत शस्त्र बाळगण्याचा हक्क आहे व तो व्यक्तीचा हक्क आहे असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली दिला. भाषणाच्या बाबतीतही, तात्काळ बेकायदा कृत्य घडविण्यासाठी दिलेली आणि ते घडण्याचा संभव असलेली चिथावणीच दंडनीय, असे १९६९ पासून तेथे मानले जाते. परिणामी, भाषण मोकळे आणि बंदूकही मोकळी अशी स्थिती पुष्कळ ठिकाणी झाली. निदर्शनाच्या जागी एक पक्ष बंदुका लटकावून उभा राहिला म्हणजे दुसऱ्या पक्षाच्या भाषणस्वातंत्र्यात काय शिल्लक उरते, हा वाद तेथे आज जोराने चालू आहे. बाबासाहेबांना अमेरिकन घटनाशास्त्र चांगले अवगत होते. ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात मूलभूत हक्क निरंकुश नसतात हे दाखविण्यासाठी त्यांनी अमेरिकेच्याच गिटलो खटल्याचा दाखला दिला होता. त्यांनी तो देश पाहून, अभ्यासून, शस्त्राच्या बाबतीत वेगळी वाट निवडली.

तथापि येथे एक आक्षेप येतो आणि तो आमच्याच समाजातून येतो. ज्याच्या वस्तीवर हल्ला होतो त्याने निःशस्त्र का राहावे? १९७८ साली मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाल्यावर आमच्या वस्त्या जाळल्या गेल्या, तेव्हा आमच्या हाती काय होते? हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. कायद्यानेही तो हसण्यावारी नेलेला नाही. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील १९९५ च्या नियमांतील तिसऱ्या नियमानुसार अत्याचारप्रवण क्षेत्रात अनुसूचित जाती-जमातींबाहेरील लोकांचे शस्त्रपरवाने रद्द करता येतात, बेकायदा शस्त्रे जप्त करता येतात आणि आवश्यक वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना परवाने देता येतात. या नियमातील क्रम ध्यानात घ्यावा. धमकावणाऱ्याच्या हातातील शस्त्र काढून घेणे आधी, पीडिताच्या हाती ते देणे नंतर आणि तेही गरजेपुरते. हा क्रम उलटा करून, प्रत्येक वस्तीने आपापले हत्यार घ्यावे असे सांगणारे वक्ते हक्क मागत नाहीत. राज्याला त्याच्या कर्तव्यातून मोकळे करतात. महारांची सैन्यभरती बंद झाली तेव्हा गोपाळबाबा वलंगकर, शिवराम जानबा कांबळे यांनी आणि पुढे बाबासाहेबांनी ती पुन्हा सुरू करण्याची मागणी केली. ती कायद्याच्या सेवेतील शस्त्राची मागणी होती. मार्च १९२७ मध्ये महाडला आपल्या माणसांवर हल्ला झाल्यावर बाबासाहेबांनी खवळलेल्या अनुयायांना आवरले, हेही त्याच भूमिकेतून.

महाराष्ट्रातील अनुभव काय सांगतो? १९८७ साली 'रिडल्स इन हिंदुइझम' शासनाने प्रसिद्ध केले, तेव्हा त्यातील राम-कृष्णांवरील प्रकरण काढून टाकावे म्हणून गदारोळ झाला, ग्रंथाची प्रत जाळली गेली. दलित जनता १९८८ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या रस्त्यावर उतरली आणि अखेर, शासन या मतांशी सहमत नाही अशा टिपेसह ते प्रकरण कायम राहिले. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ च्या मुंबई दंगलीच्या काळातील 'सामना'च्या अग्रलेखांविरुद्ध माजी मुख्य सचिव जे. बी. डिसूझा यांनी केलेली याचिका १९९४ साली उच्च न्यायालयाने फेटाळली. चार वर्षांनी, १९९८ साली, श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल विधिमंडळापुढे आला. त्याने त्या वृत्तपत्राच्या लिखाणावर ठपका ठेवला आणि पक्षप्रमुखांच्या वर्तनाला कसलेल्या सेनापतीची उपमा दिली. रोहिणीकाठचा सेनापती आम्हांस येथे आठवला तर नवल नाही.

पुढे २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात कॉ. गोविंद पानसरे यांचा गोळ्या घालून बळी घेतला गेला. दोघांनाही आधी धमक्या आल्या होत्या. दाभोलकर खटल्यात १० मे २०२४ रोजी ज्या दोघांना जन्मठेप झाली ते औरंगाबाद परिसरातील, म्हणजे आमच्या शेजारचे तरुण आहेत. ऑगस्ट २०१८ मध्ये स्फोटकांच्या साठ्याच्या प्रकरणात दहशतवादविरोधी पथकाने जालन्यातील एका माजी नगरसेवकासही अटक केली. आरोप म्हणजे सिद्ध झालेला अपराध नव्हे, म्हणून त्याविषयी आम्ही अधिक लिहीत नाही. परंतु ही गोष्ट पुण्या-मुंबईची आहे, आपल्या जिल्ह्याची नव्हे, असे समजण्याचे कारण उरलेले नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यात डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांचा निर्घृण खून झाल्यावर जिल्ह्यात हजारांवर शस्त्रपरवाने वाटले गेल्याचे उघड झाले आणि प्रशासनाला ते रद्द करण्याचे काम हाती घ्यावे लागले. १ सप्टेंबर २०२३ रोजी आमच्या अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटीत लाठीमार झाला. त्यानंतर आरक्षणाच्या दोन्ही बाजूंच्या व्यासपीठांवरून जी भाषा ऐकू आली, तिच्यात युक्तिवाद किती आणि दरडावणी किती, हे वाचकांनी स्वतःच मोजावे.

मग कठोर बोलूच नये काय? येथे मज्झिमनिकायातील अभयराजकुमार सुत्त आमच्या उपयोगी पडते. तथागत अप्रिय वचन उच्चारतात काय, असा पेच राजपुत्र टाकतो. तथागत त्याच्या मांडीवरील मुलाकडे निर्देश करून विचारतात की, याच्या घशात खडा अडकला तर तू काय करशील? रक्त आले तरी तो काढीन, असे राजपुत्र म्हणतो. सत्य व हितकारक वचन अप्रिय असले तरी तथागत योग्य वेळी उच्चारतात, हे तात्पर्य. म्हणजे अप्रिय वचन आणि फरुसा वाचा एक नव्हेत. २५ डिसेंबर १९२७ चे मनुस्मृतिदहन पुष्कळांना अप्रिय होते; पण त्याने कोणाच्या घरादाराला भय दाखविले नाही, उत्तर देण्याचा कोणाचा मार्ग बंद केला नाही. आमची कसोटी हीच आहे. ज्या वचनानंतर ऐकणारा उत्तर देऊ शकतो ते कितीही झोंबणारे असले तरी त्याला मोकळीक हवी. ज्या वचनानंतर ऐकणाऱ्याला आपल्या मुलाबाळांची चिंता करावी लागते, ते कितीही सभ्य शब्दांत असले तरी धमकीच होय.

ही कसोटी आम्ही स्वतःलाही लावली पाहिजे. जयंतीच्या मिरवणुकीत कर्णे लावून वाजविली जाणारी काही गाणी आज बंदूक-तलवारीचीच भाषा बोलतात; मोबाइलवरील चित्रफितींत आमची पोरे भीमरावांच्या नावापुढे पिस्तूल धरून उभी राहतात. ज्या महापुरुषाने संविधानात शस्त्राचा हक्क येऊ दिला नाही त्याच्या नावे हे चालावे, ही विसंगती कार्यकर्त्यांनी स्पष्ट सांगितली पाहिजे. अंगुत्तरनिकायात उपासकाने वर्ज्य करावयाच्या पाच व्यापारांत सत्थवणिज्जा, म्हणजे शस्त्रांचा व्यापार, पहिला सांगितला आहे. शस्त्राच्या दिमाखाचा व्यापारही त्याहून फार दूर नाही.

या प्रकरणाची एक मर्यादा मात्र नोंदविली पाहिजे. सिद्धार्थाला परिव्रज्येचा मार्ग होता. तो गेला आणि कुटुंब वाचले. भोकरदन किंवा घनसावंगी तालुक्यातील भूमिहीन बौद्ध कुटुंबाला गाव सोडून जाणे हा तोडगा होऊ शकत नाही. धमकी देणाऱ्याला तर तेच हवे असते. परंतु बाबासाहेबांची कथा गृहत्यागापाशी संपत नाही, हे बहुतेक व्याख्यानांतून निसटते. सिद्धार्थ गेल्यावर शाक्य व कोलिय जनतेतच युद्धाविरुद्ध चळवळ उठते, संघाला आपला ठराव पुन्हा विचारात घ्यावा लागतो, आणि तंटा लवादाकडे जातो. बहुमताने फेटाळलेली दुरुस्तीच अखेर मान्य होते, आणि ती मान्य करून घेतात ते गप्प बसलेले लोक. म्हणून एकट्या सिद्धार्थाचे गुणगान करून आमचे काम भागत नाही. दुसऱ्या दिवशीच्या सभेत त्याच्या शेजारी उठून उभे राहणारे चार सभासद निर्माण करणे, त्यांच्या कुटुंबांवर बहिष्कार आल्यास २०१६ च्या कायद्याखाली तक्रार नोंदविण्यास त्यांच्याबरोबर पोलीस ठाण्यात जाणे, आणि तिसऱ्या नियमाची अंमलबजावणी जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे लेखी मागणे, ही विहारांची कामे आहेत. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वर्षावासातील वाचन या प्रकरणापाशी आले म्हणजे वाचकाने थोडे थांबावे आणि उपस्थितांना विचारावे की, त्या दिवशी आपण त्या सभेत कोणत्या बाकावर बसलो असतो.