पुण्याचा पाडाव आणि आमचें वाङ्मय

मराठी भाषा पानिपतचा पराभव विसरली नाहीं. कोणाचा सर्वनाश झाला म्हणजे त्याचें ‘पानिपत झालें’ असें आम्ही आजहि सहज बोलून जातों. त्या रणावर बखर झाली, कादंबऱ्या झाल्या, नाटकें झालीं. परंतु १८१७ सालच्या नोव्हेंबरच्या १७ तारखेस पेशव्यांची राजधानी इंग्रजांच्या हातीं गेली, त्या दिवसानें आमच्या भाषेस काय दिलें? एक वाक्प्रचारहि नाहीं. दिलीं तीं केवळ दोन नांवें: एक पळपुट्या बाजीरावाचें आणि दुसरें, शनिवारवाड्यावर परक्यांचें निशाण चढविलें म्हणून ज्याच्याकडे बोट दाखविलें जातें त्या बाळाजीपंत नातूचें. एकास हसावें, दुसऱ्यास शिव्या द्याव्या आणि विषय संपवावा, अशी रीत पडून गेली आहे. ती वाङ्मयाच्या दृष्टीनें कितपत हितकर आहे, हें येथें पाहावयाचें आहे.

प्रथम ग्रँट डफचा इतिहास घेऊं. हा ग्रंथ १८२६ सालीं प्रसिद्ध झाला, आणि ५ नोव्हेंबरच्या खडकीच्या लढाईंत ग्रंथकार स्वतः हजर होता. गणेशखिंडीच्या बाजूनें येणारी मराठी फौज पाहून त्यास खंबायतच्या आखातांत गर्जत येणारी भरती आठवली. एका बाजूस सुमारें १८ हजार स्वार व ८ हजार पायदळ, दुसऱ्या बाजूस २८०० च्या आंतबाहेर लोक. घोडदळाचा वेग वाटेंतल्या दलदलीनें मोडला. पेशवे पर्वतीवरून हा प्रसंग पाहत होते. मोरोपंत दीक्षितांची हकीकतहि डफच सांगतो. लढाईपूर्वीं मोरोपंत व त्यांचा इंग्रज मित्र फोर्ड यांच्यांत असें ठरलें होतें कीं, ज्याचा पक्ष विजयी होईल त्यानें दुसऱ्याच्या मुलामाणसांस सांभाळावें. मोरोपंत पडले ते फोर्डच्याच पलटणीच्या तोफेनें. डफचा पक्षपात नीलकंठ जनार्दन कीर्तने यांनीं विद्यार्थिदशेंतच उघडा केला, आणि तें योग्यच झालें. तथापि प्रतिपक्षाच्या एका वीराचा मृत्यु मित्राचा मृत्यु म्हणून सांगण्याइतकें त्याचें मन मोठें होतें, हें कबूल केलें पाहिजे. आम्हीं एकदां वर्गांत विचारिलें, तेव्हां नातूचें नांव सर्वांस ठाऊक होतें; मोरोपंतांचें एकासहि नव्हतें.

राज्य जाऊन शंभर वर्षें झालीं त्या निमित्तानें नरसिंह चिंतामण केळकरांनीं १९१८ सालीं ‘मराठे व इंग्रज’ हा ग्रंथ लिहिला. एका माणसाच्या दुर्गुणानें राज्य बुडत नाहीं, त्याची कारणें राज्याच्या रचनेंत शोधावीं लागतात, ही दृष्टि त्यांनीं मराठी वाचकांस दिली. हडपसरजवळ १८०२ सालीं यशवंतराव होळकरांनीं पेशव्यांचा मोड केला, आणि बाजीरावानें वसईस इंग्रजांशीं तह केला. राजधानीचा दरवाजा तेव्हांच किलकिला झाला होता. १८१७ सालीं तो पुरता उघडला इतकेंच. हें एकदां ध्यानीं आलें म्हणजे नातूचें महत्त्व आपोआप कमी होतें. मात्र केळकरांची लेखणी वकिलाची आहे. पुराव्याची मांडणी तिला उत्तम साधते. शहरांतला माणूस तिच्यांत क्वचितच भेटतो.

तो माणूस कादंबरींत भेटावा. ना. सं. इनामदारांनीं ‘झेप’मध्यें त्रिंबकजी डेंगळे व १९६९ सालच्या ‘मंत्रावेगळा’ या कादंबरींत खुद्द बाजीराव नायक म्हणून घेतले. दीड शतक ज्याची थट्टा झाली त्यास मन आहे, पश्चात्ताप आहे, असें दाखविण्यास धैर्य लागतें, आणि तें त्यांनीं दाखविलें. आमचा आक्षेप एवढाच कीं, खलनायकाचा नायक झाला तरी कथा एकाच माणसाभोंवतीं फिरत राहिली.

असें कां व्हावें? आमच्या मतें याचें उत्तर अप्रिय आहे. येरवड्याजवळील लढाईनंतर पेशवे रात्रींच निघून गेले. सकाळीं शहर न लढतां स्वाधीन झालें आणि मोठ्या लुटींतून वांचलें. पुढें ११ फेब्रुवारी १८१८ रोजीं एल्फिन्स्टननें साताऱ्याहून जाहीरनामा काढला कीं वतनें, इनामें, वर्षासनें व देवस्थानांच्या नेमणुका चालू राहतील. १८२१ सालीं विश्रामबागवाड्यांत पाठशाळा निघाली, ती पेशव्यांच्या दक्षिणेच्या पैशांतून. आणि त्याच पैशांतून पुढें मराठी ग्रंथांस बक्षिसें मिळूं लागलीं. ज्या वर्गानें ही शोककथा लिहावयाची, त्या वर्गाचें राज्य गेलें, पण पुढचें ताट गेलें नाहीं. पानिपतावर घरोघर माणसें गेलीं, म्हणून तेथें रडूं आलें. पुण्याच्या पाडावाशीं आमच्या पूर्वजांनीं तडजोड केली, आणि तडजोडीवर महाकाव्य होत नाहीं. सगळ्या शहराचें देणें एका नातूच्या खात्यावर मांडलें म्हणजे बाकीचे मोकळे होतात. आम्हीहि त्याच वर्गाचे. इंग्रजी विद्येवर आमचा प्रपंच झाला. म्हणून हा दोष आम्ही दुसऱ्यावर टाकीत नाहीं.

शिवाय सर्वांनीं शोकच करावा, असेंहि नाहीं. १ जानेवारी १८१८ रोजीं कोरेगांवास कंपनीच्या पलटणींत लढलेल्या महार शिपायांची नांवें तेथील स्तंभावर आहेत, आणि १९२७ सालीं डॉ. आंबेडकर तेथें अभिवादनास गेले. या राजधानीनें ज्यांची सावलीहि विटाळ मानिली, त्यांनीं तिच्यासाठीं अश्रु कां ढाळावे? हा प्रश्न ज्या ग्रंथांत नाहीं, त्यांतलें पुणें अर्धेंच आहे.

तेव्हां या विषयावर नवीन लेखणी उचलणाऱ्यास आमची विनंती एवढीच: बाजीराव व नातू यांस थोडा वेळ बाजूस ठेवावें. १७ तारखेच्या सकाळीं मोरोपंतांच्या घरीं काय चाललें असेल, बुधवारांतला सावकार दार किती उघडें ठेवील, एखादा शास्त्री आपल्या वर्षासनाची चिंता कोणापाशीं बोलेल, आणि वेशीबाहेरच्या वस्तींत ही बातमी कोणत्या मनानें ऐकली जाईल, हें त्यानें आम्हांस सांगावें. तसें पुस्तक निघेल तेव्हां त्याचें परीक्षण आम्ही मोठ्या आनंदानें लिहूं.