टाकीपासून ज्योतीपर्यंत

आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघीला उतरणाऱ्याची नजर खाडीकडे, जंजिऱ्याकडे, फार तर बंदराच्या क्रेनकडे जाते. मला दाखवायची आहे ती इथल्या एका पावाच्या बेकरीमागची तांब्याची नळी. डिझेलच्या टाकीपासून भट्टीच्या बर्नरपर्यंत गेलेली, जेमतेम करंगळीच्या जाडीची. बसवणाऱ्या फिटरचे नाव कुठे लिहिलेले नाही, पण त्याचा विचार वीतवीतभर वाचता येतो.

आधी टाकी पाहा. किनाऱ्यावरची हवा ओली. टाकी अर्धी रिकामी झाली की वरच्या पोकळीत ही हवा शिरते, रात्री पत्रा गार पडला की तिच्यातले पाणी आतून थेंबाथेंबाने जमते आणि तळाशी जाते. डिझेल लिटरला साधारण ०.८३ किलो, पाणी एक किलो. खाली कोण बसणार हे ठरलेलेच. म्हणून टाकी लोखंडी घोडीवर किंचित कलती ठेवली आहे. उताराच्या टोकाला, अगदी तळात, पाणी सोडायचा कॉक. आणि तेल घेणारी नळी दुसऱ्या टोकाला, तळापासून दोन इंच वर. या दोन इंचांतले तेल बर्नरला कधीच मिळत नाही. पाणी, गंज आणि गाळ यांच्यासाठी ते सोडून दिले आहे. इतका हिशेबी उदारपणा मी फार थोड्या कामांत पाहिला आहे. हवेची नळीही वर जाऊन वाकते आणि खाली तोंड करते. जुलैतला आडवा पाऊस तिच्यात शिरू शकत नाही.

पाण्याच्या लाइनला वापरतात तो जस्ताचा मुलामा दिलेला पाइप इथे नाही. डिझेलमधल्या आम्लांशी जस्ताची साबणासारखी संयुगे होतात आणि पुढे बारीक छिद्रांत अडकतात. आता सांधे बघा. नळी चाकाच्या कटरने सरळ कापलेली, आतली कोर खरवडलेली, तोंड कर्ण्यासारखे उमलवून पितळी नटाखाली दाबलेले. धातूवर धातू बसतो तेव्हा टेफ्लॉनची पट्टी लागत नाही. त्या पट्टीचा एखादा धागा सुटला तर तो नोझलपर्यंत पोचतो, हे फिटरला ठाऊक होते. सगळ्या लांबीत सांधे किती थोडे! वळणे स्प्रिंग घालून वाकवली आहेत. एकाही वळणावर नळी चपटलेली नाही. बोट फिरवले तर गोलाई तशीच लागते.

खरी रसिकता मागच्या दारापाशी दिसते. नळी चौकटीवरून नेणे सोपे होते आणि दिसायलाही ते नीटनेटके वाटले असते. पण त्या कमानीच्या माथ्यावर हवा साठली असती. तेलात हवा असली की बर्नर धाप लागल्यासारखा करतो आणि विझतो. फिटरने नळी उंबऱ्याखालून, मोठ्या पाइपच्या बाहीतून काढली. त्या बाहीमुळे सिमेंट तांब्याला चावत नाही. उंबऱ्यापासून एकीकडे टाकीपर्यंत आणि दुसरीकडे बर्नरपर्यंत ती सतत चढत जाते, मध्ये कुठेही कुबड नाही. बुडबुडा कुठेही असो, त्याला वरचीच वाट सापडते.

बर्नरकडे गेलेल्या बुडबुड्याचीही सोय आहे. पंप गरजेपेक्षा जास्त तेल ओढतो आणि उरलेले तेल, हवेसकट, परतीच्या नळीने टाकीत पाठवतो. येणाऱ्या नळीवर दोन कॉक आहेत: एक टाकीशी, दुसरा फिल्टरच्या पुढे. टाकीशी असलेला कॉक भिंतीबाहेर आहे. आत आग लागलीच तर बाहेरून तेल तोडता येते. परतीच्या नळीवर मात्र एकही कॉक नाही. असता आणि चुकून बंद राहिला असता, तर दाब चढून पंपाचे सील फाटले असते. जिथे काहीच बसवायचे नाही तिथे काहीच न बसवणे, हे मला या कामातले सर्वांत देखणे कलम वाटते.

फिल्टर डोळ्यांच्या उंचीवर आहे आणि त्याची वाटी काचेची, म्हणजे गाळ उघडा दिसतो. पुढची शेवटची दीड वीत जाळीदार लवचीक नळी, ढिली सोडलेली. बर्नर बिजागरीवर बाहेर वळवून साफ करता यावा म्हणून.

आणि नोझल. त्यावर दोन आकडे कोरलेले आहेत: १.०० आणि ६०°. दुसरा फवाऱ्याचा कोन. पहिला म्हणजे ७ बार दाबाला ताशी एक अमेरिकन गॅलन, सुमारे ३.८ लिटर. इथे पंप १० बारला लावला आहे; प्रवाह दाबाच्या वर्गमुळाने वाढतो, म्हणून तेल ताशी साडेचार लिटरच्या आसपास जाते. मिलिमीटरच्या अंशाएवढ्या छिद्रातून हे तेल धुके होऊन बाहेर पडते आणि विजेच्या ठिणगीवर पेटते. ज्योत पिवळसर, काठाला स्थिर. चिमणीतून काळा धूर नाही. बटण बंद केले की विजेचा व्हॉल्व्ह तत्क्षणी मिटतो, थेंबही ओघळत नाही. नळी रात्रभर भरलेली राहते, आणि पहाटे पहिल्याच पावासाठी बर्नर पहिल्याच दमात पेटतो.