मोठ्या शाळा: दर्शनी दालन आणि मागचा बाक

मोठ्या शाळांच्या वास्तुरचनेत आज प्रतिभेची वाण नाही. वाण आहे ती ही प्रतिभा नेमकी कुठे खर्च करायची याच्या विवेकाची. दोन हजार मुलांची शाळा उभारताना आराखड्यातला सगळा जीव दर्शनी दालनात, काचेच्या छतात, जिन्याच्या डौलात ओतला जातो. मूल मात्र दिवसाचे पाच-सहा तास काढते ते वर्गात, आणि उरलेला वेळ वर्गाबाहेरच्या वाटेवर नि स्वच्छतागृहाच्या रांगेत. त्याचे स्वास्थ्य या तीन ठिकाणी ठरते. हे ताडून पाहायला इंग्लंडइतके सोयीचे उदाहरण नाही. टोनी ब्लेअर यांच्या सरकारने देशातल्या सगळ्या माध्यमिक शाळा नव्याने बांधण्याचा किंवा सुधारण्याचा संकल्प सोडला. 2010 मध्ये आलेल्या सरकारने ती योजना गुंडाळली, पण तोवर नॉर्मन फॉस्टर, झाहा हदीद यांच्यासारख्या वास्तुकारांची कार्यालयेही शाळांच्या कामात उतरली होती. त्यामुळे यश आणि चुका दोन्ही शेजारी शेजारी उभ्या आहेत.

आधी पुरावा पाहू. सॅलफर्ड विद्यापीठाच्या पीटर बॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 मध्ये इंग्लंडमधल्या 27 प्राथमिक शाळांतल्या 153 वर्गांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात 3,766 मुले होती. वर्षभरातल्या प्रगतीत मुलामुलांत जो फरक पडतो, त्यातला 16 टक्के वर्गखोलीच्या भौतिक गुणांशी जोडता येतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यातला साधारण निम्मा वाटा उजेड, तापमान आणि हवा यांचा. माझ्या दृष्टीने याहून मोलाचा निष्कर्ष दुसराच आहे: शाळेचा एकूण आकार, आतल्या वाटांची रचना, खास दालने या गोष्टींचा प्रभाव वर्गखोलीच्या मानाने फारच कमी दिसला. हा अभ्यास लहान मुलांचा आहे आणि त्यात मोजली आहे ती अभ्यासातली प्रगती, आनंद नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. पण कोंदट हवेत पेंगणारे आणि पाठीमागे बसल्यामुळे शिक्षकांचा शब्द ऐकू न येणारे मूल प्रगतीतही मागे पडते आणि मनानेही खचते. या दोन गोष्टी एकाच खोलीत घडतात.

आता इमारतींकडे वळू. पीटरबरो येथील थॉमस डीकन अकादमी 2007 मध्ये उघडली. फॉस्टर यांच्या कार्यालयाचा आराखडा, 2,200 विद्यार्थी, मधोमध काचेच्या छताखालचे विस्तीर्ण दालन, आणि खेळाचे मैदान ठेवलेच नव्हते. मुलांची सुट्टी देखरेखीखाली, वेळापत्रकात बसवून द्यायची, असा त्यामागचा विचार होता. हा विचार मला मान्य नाही. मधली सुट्टी म्हणजे मोठ्यांची नजर थोडी सैल होण्याची वेळ. तीच काढून घेतली तर छत कितीही उजळ असो, मुलाला स्वतःची अशी जागा उरत नाही. ब्रिक्स्टनमधली हदीद यांची एव्हलिन ग्रेस अकादमी दिसायला याहून धीट आहे, पण तिथला खरा शहाणपणा वेगळा: 1,200 मुलांसाठी आखलेली शाळा चार छोट्या शाळांत विभागली आणि शंभर मीटरची धावपट्टी थेट इमारतीखालून जाते. दक्षिण लंडनमधल्या दोन हजार मुलींच्या बर्न्टवुड शाळेने तर एकच अजस्र इमारत टाळली. हिरवळीभोवती सुट्या इमारती, आणि टोकाला खिडकी असल्यामुळे उजेडात संपणारे व्हरांडे. एव्हलिन ग्रेसला 2011 चा आणि बर्न्टवुडला 2015 चा स्टर्लिंग हा ब्रिटनमधला वास्तुकलेचा पुरस्कार मिळाला. त्यातला बर्न्टवुडचा मला अधिक सार्थ वाटतो.

या काळातली सर्वांत चांगली सुधारणा मात्र कुठल्याही पुरस्काराच्या छायाचित्रात येत नाही. ती स्वच्छतागृहांची. जुन्या पद्धतीत एका दाराआड हात धुण्याची जागा आणि शौचकूप दोन्ही असत, आणि दांडगाईला तोच आडोसा मिळे. नव्या आराखड्यांत बेसिनांची रांग येण्याजाण्याच्या वाटेला उघडी ठेवली आणि प्रत्येक शौचकूपाला जमिनीपासून वरपर्यंत पक्के दार दिले. घाबरट मुलाच्या दृष्टीने एवढा एक बदल अख्ख्या दर्शनी दालनाहून मोठा आहे.

मोकळेपणाच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे असे की भिंतीच नकोत. त्यांच्या हाती तोक्योजवळच्या फुजी बालवाडीचे भक्कम उदाहरण आहे. वास्तुकार तेझुका दांपत्याने 2007 मध्ये बांधलेली ही लंबवर्तुळाकार इमारत. छतावर मुले गोल गोल धावतात, झाडे छतातून वर येतात, वर्गांमध्ये भिंती नाहीत. बालवाडीत गलबला हाच सहवास असतो, म्हणून तिथे हे शोभते. चौदा वर्षांच्या मुलीला बीजगणित शिकायचे असते तेव्हा शेजारच्या वर्गाचा आवाज हा छळ होतो. जागतिक आरोग्य संघटनेने वर्गातल्या पार्श्वध्वनीची मर्यादा 35 डेसिबल सुचवली आहे, आणि उघड्या दालनाला लागून बिनभिंतीचा वर्ग ठेवून ती पाळणे जवळपास अशक्य. अमेरिकेत सत्तरच्या दशकात बांधलेल्या कितीतरी खुल्या शाळांना पुढे भिंती घालाव्या लागल्या त्या यामुळेच.

दुसरा आक्षेप पैशाचा. 2012 मध्ये ब्रिटिश सरकारने नमुना आराखडे काढले, त्यांत माध्यमिक शाळांचे क्षेत्रफळ सुमारे 15 टक्क्यांनी घटवले आणि वक्र भिंतींना मनाई केली. वक्र भिंती गेल्याचे दुःख नाही. पण जागा आवळली की आधी व्हरांडे अरुंद होतात, आणि तास बदलताना दोन हजार मुले त्यातूनच जायची असतात. काटकसर कुठे करावी याचे उत्तर पुण्याजवळ लवळ्याला सापडते. 'केस डिझाइन' या वास्तुरचना कार्यालयाने रचलेल्या अवसरा अकादमी या मुलींच्या निवासी शाळेत हवा जमिनीखालच्या नळांतून गार होऊन खोल्यांत येते आणि उन्हाने तापणाऱ्या धुराड्यांतून वर निघून जाते. व्हरांड्यांना बांबूचे पडदे आहेत. वातानुकूलन यंत्रांऐवजी इथे डोके चालवले आहे.

शिक्षक चांगला असला की झाडाखालीही शाळा भरते, असे आपल्याकडे नेहमी ऐकू येते. खरे आहे. पण झाडाखाली उजेड, वारा आणि न घुमणारा आवाज या तिन्ही गोष्टी फुकट मिळतात. सहा मजली शाळेत दोन्हीकडे वर्ग असलेला अंधारा व्हरांडा, न उघडणारी काच आणि फरशी-प्लास्टरमध्ये घुमणारा आवाज नेमक्या त्याच तिन्ही गोष्टी हिरावून घेतात, आणि मग त्याच शिक्षकाला घसा फोडावा लागतो. महाराष्ट्राच्या शहरांत अशा शाळा झपाट्याने उभ्या राहत आहेत. प्रवेशाच्या वेळी पालकांना दालन, तरणतलाव, सभागृह दाखवले जाते. पालकांनी सर्वांत वरच्या मजल्यावरचा वर्ग, दुपारी दोन वाजता, मुले बसलेली असताना पाहायला मागावा, आणि शेवटच्या बाकावर दहा मिनिटे बसून मगच फी भरावी.