लावलेले नाव, घडवलेले नाव

मराठी समीक्षेने स्त्रीलेखनातील आशयाची, भाषेची आणि अनुभवविश्वाची चर्चा विपुल केली; परंतु पुस्तकाच्या मुखपृष्ठावर छापलेल्या लेखिकेच्या नावाकडे तिने चरित्रातील एक तपशील म्हणूनच पाहिले. माहेरचे नाव अमुक, सासरचे तमुक, एवढी कंसातील नोंद पुरेशी मानली गेली. वस्तुतः विवाहानंतर कोणते नाव लावायचे, हा निर्णय लिहिणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत निव्वळ कौटुंबिक राहत नाही. तो संहितेच्या उंबरठ्यावर घेतला जातो आणि ही वाणी कोणाची, या प्रश्नाचे पहिले उत्तर वाचकाच्या हाती ठेवतो.

या संदर्भात मराठीतील क्रियापदे बोलकी आहेत. नाव 'ठेवले' जाते, उखाण्यात ते 'घेतले' जाते, आडनाव मात्र 'लावले' जाते. लावलेली गोष्ट काढताही येते, याची जाणीव या प्रयोगात दडलेली आहे. शिवाय मराठी नाव त्रिपदी आहे: स्वतःचे, वडिलांचे किंवा नवऱ्याचे आणि कुळाचे. त्यामुळे इंग्रजी स्त्रीवादी चर्चेत प्रामुख्याने आडनावापुरता असलेला प्रश्न येथे अधिक गुंतागुंतीचा होतो. विवाहाने दुसरे आणि तिसरे पद बदलते. ताटातील तांदळांवर अंगठीने लिहिलेल्या अक्षरांनी पहिलेही बदलत आले आहे. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात अशा बदलाची सक्ती कोठेही नाही. सक्ती आहे ती रूढीची, आणि म्हणूनच ती अधिक चिवट आहे.

हा प्रश्न आधुनिक किंवा आयात केलेला आहे, असे मानण्याचे कारण नाही. धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गोरोबाकाकांचे गाव. तेथे भरलेल्या संतमेळ्यात थापटण्याने संतांची डोकी पारखली गेल्याची कथा सर्वश्रुत आहे. त्या मेळ्यात ओळख सांगितली जाते ती व्यवसायाने: कुंभार, शिंपी, माळी, सोनार. संतकवयित्रींची नाममुद्रा मात्र निराळ्या रीतीने घडते. सोयराबाई स्वतःचा निर्देश चोखोबांच्या नात्याने आणि जातीच्या नावाने करते. तिच्या मुद्रेत पतीचे नाव आहे, पण जातिव्यवस्थेने लादलेली ओळखही ती लपवीत नाही. जनाबाई नामदेवांची दासी म्हणवते, म्हणजे जन्माने किंवा विवाहाने न आलेले, भक्तीने स्वीकारलेले नाते ती नावाच्या जागी ठेवते. कोणाचे नाव लावायचे, हा प्रश्न मराठी स्त्रीकवितेइतकाच जुना आहे, आणि त्याला एकाहून अधिक उत्तरे प्रारंभापासूनच उपलब्ध आहेत.

आधुनिक काळात मुद्रेची जागा मुखपृष्ठाने घेतली. गोखल्यांची मनकर्णिका १८८० मध्ये विवाहाने लक्ष्मी टिळक झाली. तिन्ही पदे बदलली. १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रे'मध्ये त्या पतीचा उल्लेख 'टिळक' असाच करतात. पतीचे नाव उच्चारू नये, हा संकेत त्यामुळे पाळला जातो. परंतु जे आडनाव मुखपृष्ठावर लेखिकेचे आहे, तेच आत कथनाचा विषय होते. ज्या नावात स्त्रीने विलीन व्हावे अशी अपेक्षा होती, त्याच नावाकडे ती अंतरावरून, मिस्कीलपणे पाहू लागते. 'स्मृतिचित्रे'च्या विनोदाचे मर्म शोधताना हे अंतर ध्यानात घेतलेच पाहिजे.

विभावरी शिरूरकर या नावाची घटना याहून मूलगामी आहे. बाळूताई खरे यांनी १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' या टोपणनावाने प्रसिद्ध केले, तेव्हा त्यामागील कारण स्फोटक आशयापासून संरक्षण हे होते, असे सामान्यतः सांगितले जाते. ते खोटे नाही; पण अपुरे आहे. १९३८ मध्ये विश्राम बेडेकरांशी विवाह होऊन त्या मालतीबाई बेडेकर झाल्या. लेखिका कोण, हे गुपित पुढे राहिले नाही. तरीही 'बळी' (१९५०) शिरूरकरांच्याच नावावर आली. गावावरून घडवलेल्या या आडनावाला ना पिता होता, ना पती. 'खरेमास्तर' (१९५३) या कादंबरीत तर तीन नावांचा विलक्षण व्यूह आढळतो. पित्याचे आडनाव शीर्षकात, स्वतः घडवलेले लेखिकेच्या जागी आणि विवाहाने आलेले मुखपृष्ठाबाहेर. माहेरचे नाव येथे लावलेले नाही, लिहिलेले आहे.

दलित आणि शाहिरी परंपरेशी नाते सांगणाऱ्या कवयित्रींकडे वळले की आणखी एक वळण दिसते. धाराशिव जिल्ह्याला लागून असलेल्या बार्शीत जन्मलेले शाहीर अमर शेख मूळचे मेहबूब हुसेन पटेल. 'अमर शेख' हे चळवळीतील ओळखीचे नाव. त्यांची कन्या नामदेव ढसाळांशी विवाह झाल्यावरही मल्लिका अमर शेख याच नावाने लिहीत राहिली, आणि त्या विवाहातील होरपळ सांगणारे 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' (१९८४) हे आत्मकथनही त्याच नावाने आले. आरंभी प्रज्ञा लोखंडे या नावाने लिहिणाऱ्या कवयित्रीने पुढे प्रज्ञा दया पवार हे नाव धारण केले. 'बलुतं'मध्ये (१९७८) दगडू मारुती पवार आणि दया पवार ही एकाच व्यक्तीची दोन रूपे आमनेसामने येतात, हे येथे आठवावे. दोन्ही लेखिकांनी पित्याचे नाव घेतले, परंतु ते कागदोपत्री आलेले नाव नव्हे. पित्याने संघर्षातून मिळवलेले नाव आहे. 'पतीचे की पित्याचे' या प्रश्नाऐवजी 'मिळालेले की घडवलेले' असा प्रश्न त्यामुळे पुढे येतो.

अर्थात यावर आक्षेप संभवतो. घडवलेले असले तरी ते पुरुषाचेच नाव नव्हे काय? आक्षेप रास्त आहे. पितृसत्तेतून बाहेर पडण्यासाठी पित्याच्या नावाचा आधार घ्यावा लागणे, ही या निवडीची मर्यादाच. पण निवडीची मर्यादा दिसते ती निवड केल्यानंतरच. रूढीने लावलेल्या नावाला तर मर्यादेचा प्रश्नही विचारला जात नाही.

मिशेल फुको यांनी १९६९ मधील व्याख्यानात लेखकाच्या नावाचे कार्य स्पष्ट केले. हे नाव निव्वळ विशेषनाम नसून संहितांना एकत्र बांधणारे, त्यांचे वर्गीकरण करणारे तत्त्व असते, हा त्यांचा विचार मराठी समीक्षेत परिचित आहे. मात्र मराठी लेखिकेच्या बाबतीत हे बांधणारे सूत्रच विवाहाच्या वा विवाहविच्छेदाच्या टप्प्यावर तुटण्याची शक्यता असते. ज्यांची लेखकनावे स्थिरच होऊ दिली गेली नाहीत, त्यांना लेखकाच्या मृत्यूची वार्ता ऐकवणे हा सिद्धांताचा सोयीस्कर उपयोग होय.

स्थलनामांच्या बाबतीत आपण अधिक काटेकोर असतो. अखेरचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून आलेले उस्मानाबाद हे नाव बदलून धाराशिव करण्यास फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राची संमती मिळाली. त्याविरुद्धच्या याचिका मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये फेटाळल्या. या बदलावर इतिहास, पुरावे आणि अस्मिता यांचा जाहीर वाद झाला. जानेवारी २०२० मध्ये तेथे भरलेल्या ९३व्या साहित्य संमेलनाची नोंद करताना जाणता अभ्यासक दोन्ही नावांचे भान ठेवील. लेखिकेच्या नावबदलाला एवढीही दक्षता लाभत नाही.

शासनव्यवहारही अर्ध्या वाटेवर आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या अपत्याच्या नावात आईचे नाव वडिलांच्या नावाआधी लिहिण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने त्या वर्षी मार्चमध्ये घेतला. विवाहित स्त्रीच्या नावापुढे पतीचे नाव आणि आडनाव लिहिण्याची प्रचलित पद्धत मात्र कायम ठेवली. आईचे नाव मुलाला मिळाले. तिचे स्वतःचे नाव कोणते, हे अनिर्णितच राहिले.

समीक्षेपुढील काम यातून स्पष्ट होते. प्रत्येक पुस्तकाची नोंद ते ज्या नावाने प्रसिद्ध झाले त्याच नावाने व्हावी, अन्य नावांचे निर्देश परस्परांशी जोडावेत, आणि नाव कोठे बदलले हे संहितेच्या वाचनात विचारात घ्यावे. लेखिकेवर आपल्या सोयीचे नाव लावण्याचा अधिकार जसा कुटुंबाला नाही, तसा तो सूचिकाराला आणि समीक्षकालाही नाही.