झाकलेल्या रंगाची साक्ष : प्रभाकर कोलते यांची चित्रप्रक्रिया

चित्रकाराच्या रोजच्या कामाविषयी मराठीत जे लेखन होते ते बहुधा आठवणींच्या अंगाने होते. स्टुडिओत उजेड कोणत्या खिडकीतून येई, ब्रश कशात ठेवलेले असत, काम सुरू असताना कोणाला आत येण्याची मुभा होती, अशा तपशिलांतून व्यक्तिचित्र उभे राहते. चित्राच्या घडणीविषयी मात्र फारसे काही हाती लागत नाही. याउलट चित्रसमीक्षा म्हणून जे लिहिले जाते ते चौकटीत बसवून भिंतीवर टांगलेल्या चित्रापाशी सुरू होते आणि तेथेच थांबते. या दोन प्रकारच्या लेखनांमध्ये एक मोठी रिकामी जागा राहून गेलेली आहे. चित्र 'होत असताना' काय असते, आणि त्या होण्याचा पूर्ण झालेल्या चित्राशी कोणता संबंध असतो, हा प्रश्न त्या जागेत पडून आहे. प्रभाकर कोलते यांची चित्रे हा प्रश्न टाळू देत नाहीत, कारण त्यांच्यात घडणीच्या आधीच्या अवस्था पुसल्या न जाता अर्धवट झाकलेल्या स्थितीत शिल्लक राहतात.

कोलते यांचा जन्म १९४६ साली नेरूरपार येथे झाला. कुडाळहून मालवणकडे जाणाऱ्या वाटेवरचे, कर्ली नदीच्या काठचे हे गाव. त्या वेळी सिंधुदुर्ग नावाचा जिल्हाच नव्हता. रत्नागिरीतून तो वेगळा झाला १९८१ मध्ये. १९६८ साली सर ज. जी. कलाशाळेतील पदविका, त्यानंतर १९७२ ते १९९४ अशी बावीस वर्षे त्याच संस्थेत अध्यापन, शंकर पळशीकरांसारख्या शिक्षकाचा आणि पाउल क्ले या चित्रकाराचा आरंभीच्या कामावर उघड दिसणारा प्रभाव, 'कलेपासून कलेकडे' हे मराठीतील लेखन : ही चरित्राची रूपरेषा सर्वज्ञात आहे. तिच्यातून चित्रांविषयी थेट काही सिद्ध होत नाही. मात्र क्लेचा उल्लेख येथे औपचारिक ठरू नये. क्लेने आपल्या अध्यापनातून, विशेषतः १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या शिक्षणविषयक रेखापुस्तिकेतून, आकाराकडे पाहण्याची जी रीत मांडली तीत आकार ही घडत जाणारी गोष्ट आहे. रेषा आधी चालू लागते आणि तिच्या चालण्यातून आकार संभवतो. क्लेची बारीक चिन्हे, त्याच्या खेळकर आकृत्या, त्याची रंगसंगती यांचे अनुकरण सोपे असते आणि ते भारतात पुष्कळांनी केलेही. कोलते यांनी कालांतराने ती चिन्हे सोडून दिली. त्यामागची घडणीविषयीची धारणा तेवढी ठेवली. प्रभाव पचणे म्हणजे काय, याचे हे चांगले उदाहरण मानता येईल.

त्यांच्या प्रौढ काळातील कॅनव्हास पाहताना प्रथम जाणवते ते एकाच रंगाचे मोठे क्षेत्र. तांबडे, करडे, हिरवे, पिवळे किंवा पांढुरके असे एखादे क्षेत्र चित्राचा बहुतांश भाग व्यापून असते. त्यात काही ठिकाणी जणू खिडक्या किंवा फटी उघडल्यासारख्या दिसतात आणि त्यांतून अनेक रंगांची दाट, गजबजलेली वस्ती डोकावते. पहिल्या नजरेला वाटते की एकरंगी पार्श्वभूमीवर हे लहान आकार मागाहून रंगवलेले असावेत. थोडा वेळ पाहिले की क्रम उलटा असल्याचे ध्यानात येते. गजबज आधीची आहे. शांत दिसणारे क्षेत्र नंतरचे. जी 'पार्श्वभूमी' वाटत होती ती प्रत्यक्षात सर्वांत वरची, शेवटी आलेली त्वचा आहे. आणि जे 'पुढे' आल्यासारखे वाटत होते ते खाली, आत, काळाच्या दृष्टीने मागे आहे. त्या क्षेत्राच्या कडा नीट पाहिल्या तर कोठे रंग आकाराच्या भोवतीने काळजीपूर्वक फिरवलेला दिसतो, कोठे तो आकाराच्या अंगावर गेलेला असतो, कोठे पातळ झाल्यामुळे खालच्या थराचा वर्ण त्यातून पाझरतो. वरून खाली आलेले ओघळ तर वेळेची आणि गुरुत्वाकर्षणाची सरळ नोंदच असतात : कॅनव्हास त्या क्षणी उभा होता, रंग ओला होता, आणि तो थांबवला गेला नाही.

यातून चित्रकाराच्या दिनक्रमाविषयी एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते आणि तिच्यासाठी कोणत्याही आठवणीची गरज भासत नाही. असे चित्र एका संकल्पचित्राची अंमलबजावणी असू शकत नाही. आधीच्या बैठकींत जे जमले, जे साधले, त्यातील बराचसा भाग पुढच्या बैठकीत झाकला जाणार आहे; कोणता भाग उघडा ठेवायचा याचा निर्णय तो भाग रंगवताना घेता आलेला नसतो. म्हणजे चित्रकार प्रत्येक वेळी आपल्याच कालच्या कामासमोर प्रेक्षक म्हणून उभा राहतो, आणि त्यातून निवड करतो. येथे निर्मिती आणि वाचन या दोन क्रिया वेगळ्या काढता येत नाहीत. चित्र पुढे सरकते ते भर घालून जितके, तितकेच वगळून. आणि वगळणेही विलक्षण आहे, कारण जे वगळले ते नष्ट होत नाही. ते खाली असते आणि वरच्या रंगाच्या तापमानावर, पोतावर परिणाम करीत राहते.

या ठिकाणी मराठी सौंदर्यविचाराची एक मर्यादा उघड होते. बा. सी. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) मधील विवेचनात संवाद, विरोध आणि समतोल या तीन लयींच्या आधारे कलाकृतीची संघटना स्पष्ट केली. कोलते यांच्या एखाद्या कॅनव्हासला ही त्रयी लावणे अवघड नाही. मोठे शांत क्षेत्र आणि लहान चंचल आकार यांचा विरोध, विखुरलेल्या आकारांमधील रंगांचा संवाद, क्षेत्रफळ आणि तीव्रता यांचा समतोल, असे वर्णन सहज करता येईल आणि ते चुकीचेही ठरणार नाही. पण ते अपुरे ठरेल. मर्ढेकरांची लय एकाच वेळी समोर उपस्थित असलेल्या संवेदनांमधील संबंधांची आहे. कोलते यांच्या चित्रात दिसणारा रंग आणि न दिसणारा रंग यांचाही संबंध असतो. एक पद उपस्थित, दुसरे झाकलेले. ही लय संवेदनांची म्हणावी तर तिचा अर्धा भाग संवेदनेला मिळतच नाही, केवळ सूचित होतो. साहित्याच्या अभ्यासकाला यात ध्वनिविचाराची आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु ध्वनीत जे सूचित होते ते अर्थाच्या पातळीवर असते. येथे सूचित होते ती एक घडून गेलेली कृती.

फ्रान्समध्ये १९७० नंतर हस्तलिखितांच्या अभ्यासातून जी जननिक समीक्षा पुढे आली, तिने 'पूर्वसंहिता' ही कल्पना रूढ केली. झां बेलमँ-नोएल यांच्या १९७२ मधील पुस्तकापासून हा शब्दप्रयोग प्रचारात आला. कच्चे खर्डे, खोडलेल्या ओळी, समासातील टिपा यांना अंतिम संहितेची पायरी एवढेच स्थान न देता अभ्यासाचा स्वतंत्र विषय मानावे, असा तिचा आग्रह. ही दृष्टी चित्राला लावताना एक अडचण येते, आणि ती अडचणच उपयुक्त आहे. कवितेचा खर्डा वेगळ्या कागदावर राहतो. त्याची अंतिम प्रतीशी तुलना करता येते. तैलरंग किंवा ॲक्रिलिकच्या चित्राचा खर्डा त्याच कॅनव्हासवर, अंतिम चित्राच्या खाली गाडला जातो. बहुतेक चित्रकार तो पूर्ण गाडतात. कोलते तो काही ठिकाणी उघडा ठेवतात, त्यामुळे पूर्वसंहिता आणि संहिता एकाच पृष्ठावर शेजारी नांदतात.

समकालीन दोन चित्रकारांशी तुलना केली तर या पद्धतीचे वेगळेपण अधिक नेमके कळते. प्रभाकर बरवे यांचा जन्म नागावचा, म्हणजे तेही कोकण किनाऱ्यावरचे. त्यांनी कित्येक वर्षे वह्या लिहिल्या. त्या वह्यांत चित्रकल्पना, रेखाटने, वस्तूंविषयीची टिपणे, अवकाशाविषयीचे तर्क यांची सलग नोंद आहे. 'कोरा कॅनव्हास' (१९९०) हे मराठी कलाविचारातील असामान्य पुस्तक त्याच चिंतनशील सवयीतून आलेले. बरवे यांचे चित्र वहीत वाढते आणि कॅनव्हासवर स्थिर होते. म्हणून त्यांच्या कॅनव्हासवर शंकाकुशंकांच्या खुणा फारशा नसतात. शंका वहीत राहिलेल्या असतात. दुसरे उदाहरण वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांचे. वर्षाकाठी मोजकीच चित्रे, दीर्घ प्रतीक्षा, रोलर, सुरी आणि कागदाच्या तुकड्यांनी रंग लावणे आणि उचलणे, ही त्यांची रीत. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने २०१४ मध्ये भरवलेल्या त्यांच्या सिंहावलोकनी प्रदर्शनाच्या शीर्षकातच 'प्रक्रिया' हा शब्द होता. पण गायतोंडे यांच्या चित्रात प्रक्रिया विरघळून जाते. किती थर, कोणता आधी, हे पाहणाऱ्याने विसरावे अशी त्या पृष्ठाची अपेक्षा असते. कोलते यांचे चित्र ते विसरू देत नाही. त्यांच्यापाशी वही कॅनव्हासच्या आत आहे आणि तिची काही पाने चिकटवून बंद केलेली आहेत.

जलरंगांचा विचार मात्र निराळा करावा लागेल. पारदर्शक जलरंगात झाकण्याची सोयच नसते. जे एकदा कागदावर आले ते वरच्या प्रत्येक थरातून दिसत राहते, आणि पांढरे हवे असेल तर ते आधीच सोडून ठेवावे लागते. कॅनव्हासवर जो निर्णय शेवटी घेता येतो तो कागदावर आरंभीच घ्यावा लागतो. कोलते यांनी दोन्ही माध्यमांत सातत्याने काम केले, ही बाब त्यांच्या स्टुडिओतील शिस्तीच्या दृष्टीने चरित्रातील इतर अनेक तपशिलांपेक्षा अधिक बोलकी आहे. एका माध्यमात मागे वळता येते, दुसऱ्यात नाही; आणि एकाच हाताला या दोन उलट सवयी जपाव्या लागतात. त्यांच्या जलरंगांना समीक्षेने कॅनव्हासची पूर्वतयारी मानून दुय्यम लेखले तर ती गफलत होईल.

आता स्थळाचा प्रश्न. सिंधुदुर्गातून आलेल्या लेखकांच्या बाबतीत मराठी समीक्षा स्थळाचा आधार निर्धास्तपणे घेते, आणि तो बहुधा योग्यच असतो. चिं. त्र्यं. खानोलकरांची 'कोंडुरा' (१९६६) ही कादंबरी वेंगुर्ल्याजवळच्या एका जागेचे नावच धारण करते. त्या नावाला वगळून तिचे वाचन होऊ शकत नाही. शब्द स्थळ वाहून आणतो. रंगाला हे बंधन नाही. कोलते यांच्या कॅनव्हासवरचे तांबडे क्षेत्र पाहून जांभ्या दगडाची किंवा मृगाच्या पावसाने भिजलेल्या मातीची आठवण काढणे, हिरव्यात माडाची आणि करड्यात खाडीची आठवण काढणे, यात चित्र वाचल्याचे समाधान मिळते आणि चित्र मात्र निसटते. ही चित्रे बहुतांश अनामिक आहेत. शीर्षक नाकारणे ही येथे निव्वळ रूढी नसून अशा आठवणींना वाटेतच अडवण्याची एक तरतूद आहे.

तरीही स्थळ एका वेगळ्या मार्गाने समीक्षेच्या कामी येते, ते शब्दांच्या रूपाने. रंगावर रंग चढवण्याच्या या क्रियेसाठी मराठी कलासमीक्षेत 'थर', 'लेप', 'आच्छादन' असे शब्द वापरले जातात. पहिला भूगर्भातला, दुसरा वैद्यकातला, तिसरा संस्कृतातून नुसताच उचललेला. घराघरांतून रुळलेला 'सारवणे' हा शब्द कोणी वापरत नाही. कोकणातल्या मातीच्या घरात जमीन पुन्हा पुन्हा सारवली जाते. नवा हात जुन्यावर फिरतो, जुना दिसेनासा होतो पण जमीन त्याच्यामुळेच तयार झालेली असते. आणि बोटांच्या अर्धवर्तुळाकार खुणा वाळल्यावरही राहतात. लपवणे हा त्यात हेतूच नसतो. चित्रकाराने ही क्रिया बालपणी पाहिली आणि ती चित्रात उतरली, असा कार्यकारणभाव येथे सुचवायचा नाही; तसा पुरावा चित्रात नाही आणि सारवलेल्या जमिनीत उघड्या खिडक्याही नसतात. पण वर्णनाची भाषा कोठून घ्यावी हा समीक्षेचा निर्णय असतो, आणि या क्रियेसाठी इंग्रजी कलासमीक्षेची परिभाषा जशीच्या तशी आणण्यापेक्षा हा शब्द अधिक नेमके काम करतो.

असाच सावधपणे दशावताराचाही उल्लेख करता येईल. लिखित संहिता हाती नसते. आख्यान ठरलेले असते आणि संवाद रंगमंचावर उभे राहून रचले जातात. आजचा प्रयोग कालच्या प्रयोगावर उभा राहतो, त्याची नक्कल होत नाही. परंपरागत रूप आणि तात्कालिक निर्णय यांचे असे नाते अमूर्त चित्रालाही परिचित आहे. येथपर्यंत ठीक. याच्या पुढे जाऊन साम्ये शोधू लागले की स्थळाचा मोह पुन्हा मागच्या दाराने आत येतो.

या पद्धतीवर एक गंभीर आक्षेप संभवतो आणि तो बाजूला सारता येणार नाही. झाकणे ही रीत एकदा हातात बसली की ती युक्ती होऊ शकते. खाली गजबज करायची ती वर झाकण्यासाठीच, ओघळ सोडायचा तो ओघळ दिसावा म्हणूनच, अशी वेळ येते तेव्हा प्रक्रियेची खूण प्रक्रियेचा पुरावा राहत नाही, तिचा अलंकार बनते. कोलते यांच्या सर्व चित्रांना या धोक्यातून सूट देता येत नाही. काही कॅनव्हासवर उघडे ठेवलेले तुकडे इतके सुबक आणि एकमेकांपासून इतक्या सोयीच्या अंतरावर असतात की झाकताना काही गमावले गेले असेल असे वाटतच नाही. जी चित्रे खरोखर टिकतात त्यांत वरचा रंग जिंकलेला नसतो. कडेला कोठेतरी खालचा रंग अनपेक्षितपणे जोर करतो, एखादा आकार पुरेसा झाकला गेलेला नसतो, आणि चित्रकार तेथे थांबलेला असतो. तो का थांबला हे सांगता येत नाही. आणखी एक हात फिरवला असता तर चित्र अधिक नीटनेटके झाले असते, एवढे मात्र दिसते.

ही निवड शिकवण्याची गोष्ट आहे का? बावीस वर्षे वर्गात उभे राहणाऱ्या चित्रकाराच्या संदर्भात हा प्रश्न अवांतर नाही. रंग कसा कालवावा, पृष्ठ कसे तयार करावे हे शिकवता येते. कोठे थांबावे हे फार तर दुसऱ्याच्या अपुऱ्या कामासमोर उभे राहून दाखवता येते. कलाशाळेतील शिक्षकासमोर रोज असतात ती अपूर्ण चित्रे, पूर्ण नव्हे. प्रदर्शनातून चित्राकडे जाणाऱ्या समीक्षकाला हा अनुभव जवळजवळ कधीच येत नाही. कोलते यांच्या कलाविषयक मराठी लेखनाचे वाचन त्यांच्या चित्रांचे स्पष्टीकरण म्हणून करण्याऐवजी, अपूर्ण कामासमोर सतत उभे राहिलेल्या माणसाचे लेखन म्हणून करून पाहण्यासारखे आहे. अनामिक कॅनव्हासच्या खाली प्रदर्शनाच्या यादीत सहसा माध्यम, आकार आणि एक साल एवढेच छापलेले असते. ते साल कोणत्या थराचे, हा प्रश्न यादीत कोणी विचारत नाही.